मुंग्या आणि मावा : मॅक्रो छायाचित्रण (गोवा)

मावा ही झाडाचा रस शोषणारी मऊ अंगाची कीड. मुंग्या तिची राखण करतात आणि मोबदल्यात तिचा गोड चिकटा पितात. हा व्यवहार मूळ आकाराएवढा किंवा त्याहून मोठा टिपणे हा मॅक्रो छायाचित्रणातला अवघड, तरी घराजवळ साधणारा प्रकार आहे. गोव्यात त्यासाठी म्हादई किंवा नेत्रावळीच्या रानात जायची गरज नाही. मावा कोवळ्या शेंड्यांवर पोसतो, आणि असे शेंडे परसात, मळ्यात व कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) सहज मिळतात.

भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर घेतलेले अळसांदे (चवळीचा प्रकार) हे त्याचे हक्काचे ठिकाण. शेंगांच्या देठांवर एफिस क्रॅसिव्होरा या जातीची दाटी होते : प्रौढ चकचकीत काळा, पिल्ले मळकट राखाडी. मिरची, भेंडी, वांगी यांच्या पानांखाली एफिस गॉसिपी असतो. रुईवरचा एफिस नेरी पिवळाधमक, काळ्या पायांचा. फोकसचा हात बसवायला तो उत्तम. केळीवरचा मावा पर्णगुच्छ रोग पसरवतो, पण पानाच्या बेचक्यात अंधारात दडत असल्याने छायाचित्रकाराला फारसा उपयोगाचा नाही. पावसाच्या माऱ्याने मावा धुऊन जातो, म्हणून खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परसातल्या वेलीवर चुलीतली राख मारायच्या आत पोचावे, एवढेच.

झाडाच्या रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्ले थोडी. गरज भागवायला मावा रस खूप ओढतो आणि जादा साखरपाणी गुदद्वारावाटे सोडतो. त्याच्या पाठीच्या मागच्या भागावर दोन बारीक नळ्या दिसतात. चिकटा त्यांतून येतो असे छायाचित्रांखाली सर्रास लिहिलेले असते. ते चूक आहे. शत्रूने धरले की मावा त्या नळ्यांतून चिकट द्रव आणि धोक्याचा गंध सोडतो, आणि आजूबाजूचे मावे पांगू लागतात. राखण नसलेला मावा चिकट्याचा थेंब लाथेने दूर उडवतो. मुंगीने मिशांनी थोपटले की मात्र तो मागचा भाग उचलतो, थेंब बाहेर येऊन तिथेच ठरतो आणि मुंगी तो टिपते. चित्र हवे ते याच घडीचे. थेंब नसलेले चित्र म्हणजे एका फांदीवर बसलेले दोन कीटक, मग ते कितीही रेखीव असो.

सगळे काही क्षणांत उरकते, पण मुंगी एकामागून एका माव्याकडे जात राहते. त्यामुळे तिच्यामागे कॅमेरा पळवण्यापेक्षा मागचा भाग उचलू लागलेला मावा हेरून तिथे फोकस धरणे शहाणपणाचे. पोट भरलेली मुंगी ओळखू येते : पोटाची काळी कडी एकमेकांपासून सरकतात आणि मधली फिकट त्वचा उजेडात चमकते.

राखणदारांत मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, सर्वांत सोयीचा. मोठा आणि ठळक. क्रेमॅटोगॅस्टर मुंग्या पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे पोट पाठीवर उभारतात. आंबा-काजूवरचे हुमले, म्हणजे पाने जोडून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या, माव्यापेक्षा खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांच्याभोवती अधिक आढळतात. काजूवरच्या ढेकण्या या रसशोषक किडीला ते आवर घालतात, म्हणून बागायतदाराच्या कामाचे. छायाचित्रकाराला मात्र ते चावतात आणि वर फॉर्मिक आम्ल सोडतात.

माव्याची लांबी साधारण 2 मिमी. 36 मिमी रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर 1:1 प्रमाणात, म्हणजे मूळ आकाराएवढा टिपल्यास, तो चौकटीचा जेमतेम अठरावा भाग व्यापतो. 2:1 वर, म्हणजे दुप्पट आकारात, चौकट 18 × 12 मिमीची होते आणि तीत मुंगळा, मावा व थेंब तिन्ही बसतात. बारीक मुंग्यांसाठी 3:1 लागते. एफ/11 या छिद्रमूल्यावर 1:1 ला फोकसची खोली सुमारे 1.3 मिमी मिळते. 2:1 ला अर्धा मिमी, 3:1 ला 0.3 मिमीच्या आत. छिद्र आणखी लहान करून भागत नाही, कारण 2:1 ला एफ/11 चे परिणामी मूल्य एफ/33 च्या आसपास जाते आणि विवर्तनाने, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, चित्र भुरके होते. त्यापेक्षा मुंगीचा डोळा, मिशांची टोके आणि थेंब एका प्रतलात येतील असा कोन शोधावा. फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेली अनेक चित्रे एकावर एक रचण्याचे तंत्र स्थिर माव्याला चालते, मुंगीला नाही. खास लेन्स नसल्यास एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांमधली पोकळ नळी) किंवा उलटी बसवलेली लेन्स चालते. मुंगळ्यापुरते मोबाइलवर लावायचे क्लिप-लेन्ससुद्धा.

कमी शक्तीवर फ्लॅश 1/10,000 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ पेटतो, त्यामुळे वाऱ्याने हलणारा शेंडा गोठतो. डाव्या हाताने देठ धरून लेन्स त्याच हातावर टेकवली की निम्मे काम झाले. काळ्या तुळतुळीत अंगावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो. ट्रेसिंग पेपरचा रुंद पडदा लावल्यास तो निवतो. थेंबाला मात्र मागून तिरका उजेड हवा. श्वास रोखावा, कारण फुंकर लागली की मुंग्या बिथरतात. साखरपाण्याचे आमिष तर मुळीच दाखवू नये. अपप्रकार म्हणून नव्हेच, साधा हिशेब आहे : फुकटची साखर मिळाली की मुंग्या माव्याला सोडतात आणि टिपायचा प्रसंगच उरत नाही.

त्याच फांदीवर ढालकिड्याच्या अळ्या मावा खाताना आणि मुंग्या त्यांना हुसकावताना दिसतात. फुगलेला, वाळल्या गवताच्या रंगाचा, न हलणारा मावा म्हणजे परजीवी गांधीलमाशीने पोखरलेला. गोल भोक असल्यास माशी बाहेर पडलेली. माव्याची जात नुसत्या छायाचित्रावरून ठरवणे बहुधा शक्य नसते, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी लागते. म्हणून यजमान झाडाचे पान आणि शेंगेसह एक साधे चित्र, तसेच मुंगीच्या कमरेचे बाजूने घेतलेले एक चित्र सोबत ठेवतात.