प्रमोशनला जोडलेला तीन दिवसांचा कोर्स : पार्श्वभूमी

शाळेत शिकवायचं तर डीएड, बीएड लागतं, पण एमडी किंवा एमएस झालेला माणूस मेडिकल कॉलेजात थेट दीडशे पोरांसमोर उभा राहतो. शिकवायचं कसं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सत्तरच्या दशकात पुद्दुचेरीला यासाठी ट्रेनिंग सेंटर निघालं, तिथून आलेले मोजके लोक आपापल्या कॉलेजात हौसेनं काम करत राहिले. 1997 च्या नियमांत कॉलेजात मेडिकल एज्युकेशन युनिट, म्हणजे शिक्षकांना शिकवायचं कसं हे शिकवणारा गट, असावं असं आलं, बऱ्याच ठिकाणी ते पाटीपुरतंच राहिलं.

खरा जोर धरला तो 2009 पासून. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी देशभर रीजनल सेंटर्स नेमली, शिकवायचं कसं याचा तीन दिवसांचा बेसिक कोर्स सुरू झाला, 2015 ला तो सुधारला आणि एटकॉम म्हणजे पेशंटशी बोलणं, वागणं, एथिक्स हेही त्यात आलं. 2019 च्या ऑगस्टपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमच बदलला, तेव्हा तर शिक्षकांना तयार करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग 2022 चा निर्णय, ज्यावरून स्टाफरूममधे अजून वाद होतात. असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर हा बेसिक कोर्स केलेला हवा, शिवाय रिसर्चचा ऑनलाइन कोर्सही हवा आणि छापून आलेले रिसर्च पेपर्स वेगळेच. बाजूनं बोलणारे म्हणतात की सक्ती नसती तर सर्जरी, ऑर्थोवाले कधी फिरकलेच नसते, आणि ते खरंय, मी स्वतः पाहिलंय. एका बॅचला एक सर्जन मायक्रोटीचिंगला, म्हणजे इतरांसमोर थोडा वेळ शिकवून दाखवायच्या सरावाला, उभे राहिले, पाच मिनिटांत गाठ मारायला शिकवायची होती, तर चार मिनिटं धाग्यांचे प्रकार सांगण्यातच गेली आणि गाठ राहिलीच. फीडबॅक ऐकून गप्प बसले, दुसऱ्या दिवशी स्वतःहून परत उभे राहिले, खिशातून दोरी काढली, शेजारच्याच्या हातात दिली, आणि स्वतः एक शब्द न बोलता त्याच्याकडून गाठ मारून घेतली. सक्ती नसती तर हा माणूस तिथे आलाच नसता.

पण सक्तीमुळे कोर्सला येणारा सर्टिफिकेटसाठी येतो, हेही तितकंच खरं. आणि माझ्या मते मोठी चूक ती नाहीच. चूक ही की परत गेल्यावर त्याच्या लेक्चरला, बेडसाइडला जाऊन कुणी बसत नाही, नियमात तसं काही धरलेलंच नाही. प्रमोशनच्या फायलीत कागद लागला की विषय संपला.

त्यातच जुलै 2025 च्या नियमांनी 220 किंवा जास्त खाटांच्या सरकारी हॉस्पिटलातल्या, 10 वर्षं अनुभव असलेल्या स्पेशालिस्टना थेट असोसिएट प्रोफेसर होण्याची वाट उघडली. जागा रिकाम्या आहेत, कॉलेजं वाढतायत, माणसं हवीत हे समजतं, आणि हे लोक पेशंट बघण्यात पक्के असतात. पण ते वर्गात पहिल्यांदा उभे राहतील तेव्हा त्यांच्या शेजारी कोण असणार, कॉलेजातलं ते एज्युकेशन युनिट, जे अजून कित्येक कॉलेजांत दोन-तीन जण आपलं डिपार्टमेंट सांभाळून चालवतात?