इंका साम्राज्य उभं कसं राहिलं आणि कोसळलं कसं: थोडी पार्श्वभूमी

पेरू देश म्हटलं की माचू पिक्चू या डोंगरावरच्या इंका अवशेषांचा फोटो येतो आणि त्यासोबत एक ठरलेली गोष्ट, की पिझारो नावाचा स्पॅनिश माणूस १६८ जणांना घेऊन आला आणि त्याने अख्खं साम्राज्य खिशात घातलं. बंदुका, घोडे, पोलादी तलवारी, विषय संपला. यातला १६८ चा आकडा खरा आहे, पण गोष्ट अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी कळायची तर बरंच मागून सुरुवात करावी लागते.

मुळात इंका हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतले नवखे. त्यांच्या कित्येक शतकं आधी तिवानाकू आणि वारी ही मोठी राज्यं तिथे होऊन गेली होती, उत्तर किनाऱ्यावर चिमू लोकांचं चान चान हे मातीच्या विटांचं प्रचंड शहर होतं. डोंगरउतारावर पायऱ्या करून शेती, लांबलांबचे रस्ते, दोरीच्या गाठींत हिशोब ठेवणं, यातलं बरंचसं इंकांनी आधीच्यांकडून घेतलं आणि मग ते इतकं वाढवलं की बघत राहावं. ते स्वतः म्हणजे कुस्को या त्यांच्या राजधानीच्या खोऱ्यातलं एक छोटं राज्य. परंपरेने १४३८ साल सांगतात, चांका लोक कुस्कोवर चालून आले, म्हातारा राजा शहर सोडून गेला आणि त्याच्या एका मुलाने शहर लढवून वाचवलं, तोच पुढे पाचाकुती म्हणून गादीवर बसला. त्याचा मुलगा तुपाक इंका युपांकी याने १४७० च्या सुमाराला चिमूंनाही हरवलं. नातू वायना कापाकच्या काळात राज्य आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून थेट मध्य चिलीपर्यंत, ४,००० किलोमीटरच्या वर पसरलं. म्हणजे साधारण शंभर वर्षांत, तीन पिढ्यांत सगळं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

एवढं राज्य चालायचं कसं? पैसा नाही, चाकाची गाडी नाही, ओझ्याला लामा आणि माणसाची पाठ. कर भरायचा तो कामाने, त्याला मिता म्हणायचे, म्हणजे पाळीपाळीने सरकारी शेतात, रस्त्यावर, सैन्यात राबायचं. आपल्याला वाचताना वेठबिगार आठवते आणि जबरदस्ती होतीच, पण इथे सरकारही बांधील असायचं, कामावर असताना खाणं, मक्याची चिचा नावाची दारू, कापड हे सरकारने द्यायचं. त्यासाठी रस्त्याकडेला कोठारांच्या रांगा असायच्या, एकट्या हाउहा नावाच्या खोऱ्यात हजाराहून जास्त. त्यात मका, कपडे, सुकवलेलं मांस आणि चुन्यो, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात गोठवून, पायाने तुडवून पाणी काढून, उन्हात वाळवलेला बटाटा, जो वर्षानुवर्षं टिकतो. (आपण उपवासाला खातो तो बटाटा मूळचा याच डोंगरांतला.) कुठल्या कोठारात किती काय आहे ते किपूवर, म्हणजे गाठी मारलेल्या दोऱ्यांवर, दशमान पद्धतीने नोंदलेलं असायचं आणि निरोप घेऊन चास्की नावाचे धावपटू टप्प्याटप्प्याने पळायचे. रस्त्यांचं हे जाळं ३०,००० किलोमीटरच्या वर होतं. मला विचाराल तर इंकांचं मोठेपण सोन्यात नाही, या कोठारांत आणि हिशोबात आहे.

पण दुसरी बाजूही होती. जिंकलेल्या लोकांना शेकड्यांनी उचलून दुसऱ्या मुलखात वसवायचे, त्यांच्या सरदारांची मुलं आणि देवांच्या मूर्तीसुद्धा कुस्कोत ठेवायचे, शिकायला आणि मानाने असं म्हणून, पण प्रत्यक्षात ओलीस. आणि हे सगळं ज्यांच्यावर झालं त्यातल्या बऱ्याच जणांचे फक्त आजोबा-पणजोबा स्वतंत्र होते, घरात आठवणी ताज्या होत्या.

दुसरी चीर खुद्द राजघराण्यात. थोरला मुलगाच गादीवर बसेल असा नियम नव्हता, जो लायक ठरेल किंवा ज्याच्या बाजूने माणसं जास्त तो. त्यात मेलेल्या राजाच्या जमिनी नव्या राजाला मिळायच्या नाहीत, त्या त्या राजाच्या ममीच्याच नावावर राहायच्या आणि त्याचे वंशज त्या सांभाळायचे, ममीला जेवण दाखवायचे, सणाला चौकात आणून बसवायचे. त्यामुळे प्रत्येक नव्या राजाला स्वतःसाठी नवीन मुलूख मिळवणं भाग, आणि कुस्कोत जुन्या राजांच्या घराण्यांचे तट वाढत गेले.

१५२५ ते २८ च्या दरम्यान कधीतरी वायना कापाक उत्तरेत साथीच्या रोगाने गेला, बहुधा देवी, जी युरोपीय माणसांच्या आधी तिथे पोचली असावी. वारस ठरवलेला मुलगाही गेला. मग कुस्कोत वास्कार आणि उत्तरेत सैन्यासोबत असलेला आतावाल्पा, दोघं सावत्र भाऊ, यांच्यात भयंकर युद्ध झालं. आतावाल्पाच्या सेनापतींनी वास्कारला पकडलं, कुस्कोत त्याच्या बायकामुलांची कत्तल केली, आणि नेमकं याच वेळी १६ नोव्हेंबर १५३२ ला आतावाल्पा काहामार्का गावाच्या चौकात पिझारोला भेटायला आला, पालखीतून, हजारो माणसं पण लढाईची तयारी नाही, कारण १६८ परक्यांची भीती वाटायचं कारणच काय. स्पॅनिश मात्र इमारतींत दबा धरून बसले होते. राजा पकडला गेला, हजारो मेले. सुटकेसाठी त्याने एक खोली भरून सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी द्यायचं कबूल केलं, दिलीसुद्धा, ६ टनांच्या वर सोनं वितळवलं गेलं, आणि तरी २६ जुलै १५३३ ला त्याला गळा आवळून मारलं. मधल्या काळात त्याने कैदेतूनच वास्कारला मारायला लावलं होतं. म्हणजे वर्षाच्या आत दोन्ही दावेदार संपले.

आता ती राहिलेली अर्धी गोष्ट. पिझारो कुस्कोला निघाला तेव्हा तो एकटा नव्हता. कान्यारी लोकांची आतावाल्पाने कत्तल केली होती, ते स्पॅनिशांकडून लढले, चाचापोया लोकही आले, आणि हाउहा खोऱ्यातल्या वान्का लोकांनी तर हजारो माणसं, लामा, मका, कापड सगळं पुरवलं. आणि इथे मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट येते, वान्कांनी हे सगळं किपूवर लिहून ठेवलं, कधी किती माणसं दिली, किती धान्य दिलं, एवढंच नाही तर स्पॅनिशांनी न विचारता काय लुटून नेलं तेही. १५६१ मध्ये त्यांचे सरदार ते किपू घेऊन लिमाच्या, म्हणजे स्पॅनिशांच्या नव्या राजधानीतल्या, कोर्टात उभे राहिले आणि गाठी वाचून दाखवत भरपाई मागितली. इंकांविरुद्धच्या लढाईचा हिशोब इंकांच्याच काळातल्या पद्धतीने. त्यांच्या नजरेतून ही इंकांपासून सुटकेची लढाई होती आणि स्पॅनिश हे त्यातले मित्र.

म्हणूनच १५३२ ला सगळं संपलं असं म्हणणं चूक आहे. स्पॅनिशांनी गादीवर बसवलेला मांको इंका १५३६ मध्ये उलटला, प्रचंड सैन्य घेऊन त्याने कुस्कोला कित्येक महिने वेढा घातला, शहर पेटवलं, साक्सायवामानच्या गढीवर पिझारोचा एक भाऊ मारला गेला. लिमालाही वेढा पडला, तिथेही स्थानिक मित्रांच्या फौजा स्पॅनिशांच्या मदतीला आल्या. हरल्यावर मांको विल्काबांबाच्या जंगलात गेला आणि तिथे इंकांचं छोटं राज्य आणखी ३५ वर्षं टिकलं. तोवर तिकडे पिझारो आणि त्याचा भागीदार अल्माग्रो यांच्यात सोन्यावरून आणि कुस्कोवरून जुंपली, अल्माग्रोला १५३८ मध्ये मारलं आणि १५४१ मध्ये अल्माग्रोच्या माणसांनी लिमात पिझारोला.

शेवट केला तो व्हाइसरॉय तोलेदोने. १५७२ मध्ये विल्काबांबा घेतलं, तिथल्या शेवटच्या इंका राजाला, तुपाक आमारूला, कुस्कोच्या चौकात आणून मुंडकं उडवलं. मग गावंच्या गावं उठवून नव्या वसाहतींत कोंबली आणि मिताची जुनी पद्धत उचलून आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणींना जुंपली, फक्त सरकारची देण्याची बाजू जवळजवळ गायब झाली, राबणं तेवढं राहिलं. एकामागून एक साथींनी माणसं आधीच निम्म्याहून कमी झाली होती. आणि स्पॅनिशांचे मित्र म्हणवणारे वान्कासुद्धा यातून सुटले नाहीत, त्यांच्या माणसांना वान्कावेलिकाच्या पाऱ्याच्या खाणीत पाळीने जावंच लागलं.