अंडी विखुरणाऱ्या छोट्या माशांचं घरच्या टाकीतलं ब्रीडिंग

अंडी विखुरणारे मासे म्हणजे जे घरटं करत नाहीत, अंडी तोंडात धरत नाहीत, दगडावर चिकटवून राखणही करत नाहीत, नर-मादी पळता पळता पाण्यात अंडी सोडतात आणि मोकळे होतात. घरच्या टाकीतले झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब, टायगर बार्ब, चेरी बार्ब, व्हाइट क्लाउड आणि बहुतेक सगळे टेट्रा यातलेच. गप्पी-मॉली यात येत नाहीत, ते थेट पिल्लं देतात, त्यामुळे गप्पीची पिल्लं आरामात वाढवलेला माणूस डॅनियोकडे वळला की पहिल्या वेळी हमखास फसतो.

फसतो कारण अंडी घातली हेच त्याला कळत नाही. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, काचेसारखं पारदर्शक, आणि खाली पडायच्या आत आईबापच ते वेचून खातात. यात राग यायचं कारण नाही, निसर्गात हीच अंडी उथळ पाण्यात खड्यांच्या फटीत जाऊन बसतात, थवा पुढे निघून जातो, आणि शेकडो अंड्यांतली मोजकी जगली तरी त्यांचं भागतं. टाकीत पुढे निघून जायला जागाच नसते. त्यामुळे मासे अंडी घालतील का हा खरा प्रश्नच नाही, अंडी वाचवायची कशी आणि पिल्लांना पहिला आठवडा खायला काय द्यायचं, सगळं गाडं या दोन ठिकाणी अडतं.

सुरुवात झेब्रा डॅनियोपासून करावी. हा दक्षिण आशियातल्या ओढ्या-नाल्यांतला आणि पाणथळ शेतांतला मासा, फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात त्याच्यावर काम सुरू केल्यावर तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. प्रयोगशाळेत तो आवडता होण्यामागची कारणं घरीही कामाला येतात: अंडी भरपूर, ती शरीराबाहेर आणि पारदर्शक, आणि साधारण तीन महिन्यांत पिल्लं स्वतः अंडी घालायच्या वयाची.

नर सडपातळ आणि पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक असलेला, मादी पोटाने गोल आणि जरा चंदेरी. आधी एक-दोन आठवडे दोघांना वेगळं ठेवून भरपूर खायला घालायचं, त्यात जिवंत किंवा फ्रोजन खाणं जास्त. वरून बघितल्यावर मादीचं पोट दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं दिसलं की वेळ झाली समजा.

टाकी वेगळी लागते, 15-20 लिटरची पुरते, वाळू-खडी काही नको. पाणी फार तर 12-15 सेंटिमीटर उंच, म्हणजे अंडं तळाला पोचेपर्यंत खाणाऱ्याला वेळ कमी मिळतो. तळाला गोट्यांचे दोन-तीन थर पसरले तर अंडी फटीत जातात आणि माशाचं तोंड तिथे पोचत नाही. गोट्या नसतील तर तळापासून थोडी वर प्लॅस्टिकची जाळी, भोकं एवढीच की अंडं जाईल आणि मासा जाणार नाही, किंवा मग जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट गठ्ठा. गोट्या सगळ्यात भरवशाच्या, फक्त नंतर त्या उचलताना अंडी चिरडतात म्हणून घाई करू नये.

संध्याकाळी मासे सोडायचे, दिवा बंद. डॅनियोचं सगळं पहाटेचं असतं, उजेड पडल्यावर तासाभरात नर मादीच्या मागे लागतो, तिच्या बाजूला चिकटून थरथरतो आणि अंडी पडतात, एका मादीची शंभर-दोनशे सहज. दुपारपर्यंत आईबापांना बाहेर काढायचं, राहू दे थोडा वेळ असं म्हणालात तर अंड्यांचा हिशेब विसरा. काही झालंच नाही तर रात्री थोडं ताजं, किंचित गार पाणी घालून आणखी एक-दोन सकाळी वाट बघायची, टाकीतल्या माशाला ते पाऊस पडल्यासारखं वाटतं.

पुढचे दोन दिवस भिंग घेऊन बसावं, खरंच. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर पाऊण तासात अंड्याच्या एका पेशीच्या दोन होतात, दुसऱ्या दिवशी आत वळलेली शेपटी झटके देते आणि हृदयाची उघडझाप दिसते. जी अंडी पांढरी पडली ती गेली, फलन झालेलं नाही किंवा मेलेली आहेत, त्यांच्यावर बुरशी येऊन ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, म्हणून ड्रॉपरने रोज वेचून काढायची. मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या निळ्या औषधाचे थेंब टाकतात ते यासाठीच, पण पाणी फिकट निळं दिसण्यापुरतंच.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्लं काचेला चिकटून लटकतात, स्वल्पविरामाएवढी काळी रेघ. इथे नवखे लोक खाणं टाकायला लागतात, ती चूक. पोटातल्या पिवळ्या पिशवीवर त्यांचं चाललेलं असतं, टाकलेलं सगळं कुजतं आणि पाणी बिघडून अख्खी बॅच जाते. साधारण पाचव्या दिवशी ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात, त्याने हवेची पिशवी भरते आणि मगच ती आडवी पोहतात. पाण्यावर तेलकट साय असेल तर हा घोट घेता येत नाही आणि पिल्लं तळाशीच सरपटत राहतात.

आडवी पोहायला लागली की भूक सुरू, आणि बहुतेक बॅचेस इथेच संपतात. तोंड इतकं बारीक की बोटांत चुरडलेलं खाणंसुद्धा मोठं पडतं. इन्फ्यूसोरिया लागतं, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आणि ते अंडी घातल्यावर करायला घेतलं तर बऱ्याचदा उशीर होतो, नर-मादीला खायला घालायला वेगळं केलं त्याच दिवशी लावून ठेवायचं. टाकीचंच पाणी बरणीत घेऊन त्यात कोबीचं पान किंवा केळ्याची साल टाकायची, आधी पाणी दुधाळ होतं, मग काही दिवसांनी निवळून त्यात धुळीसारखं काहीतरी हलताना दिसतं, ते झालं खाणं. व्हिनेगर ईल, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक जंतू, तेसुद्धा चालतात. उकडलेल्या अंड्याचा बलक सुचवणारे खूप आहेत, चालतो, पण चिमटीच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त पडला तर सकाळी टाकीला वास येतो.

आठवडाभराने आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, ताजी पिल्लं द्यायची, खारट पाण्यात हवा सोडून चोवीस-छत्तीस तासांत ती निघतात. केशरी आर्टेमिया खाल्ल्यावर पिल्लांची पोटं केशरी दिसतात, कोण उपाशी राहिलं ते लांबून कळतं. फिल्टर फक्त स्पंजचा, बाकी कुठलाही पिल्लं ओढून घेतो. पाणी हवेच्या पंपाच्या बारीक नळीने बदलायचं, रोज थोडं.

टेट्रा याच पद्धतीने होतात पण नखरे जास्त. निऑनला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं, नळाच्या जड पाण्यात अंडी धरतच नाहीत, शिवाय अंडी-पिल्लांना उजेड सोसत नाही म्हणून टाकी कागदाने झाकून ठेवतात. टायगर बार्ब, रोझी बार्ब सोपे, मात्र अंडी खाण्यात दोघंही पटाईत.

शंभरातली ऐंशी जगली तर ती ठेवायची कुठे याचा विचार आधीच केलेला बरा, कारण महिन्याभरात ती टाकी त्यांना अपुरी पडते. नदी-तलावात सोडणं हा पर्याय नाही. मोठी होतील तशी आकाराने वेगळी करायची, नाहीतर मोठी लहानांचं खाणं खातात, आणि आईबापांच्या टाकीत टाकायची ती त्यांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाल्यावरच.