खुलासा : भोसल्यांनी गोंड गादी मोडली नव्हती

‘रघुजी भोसल्यांनी नागपूर घेतलं आणि गोंड राज्य संपवलं’ हे वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. त्याच्याच जोडीला ‘नागपूर भोसल्यांनीच वसवलं’ हेही असतं. ते तर सरळ चूक. शहर वसवलं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं, 1702च्या सुमारास.

पहिलं वाक्य अर्धवट आहे, आणि तेच जास्त घातक. 1739मध्ये त्याच घराण्यातला राजा चांद सुलतान वारल्यावर गादीचा तंटा पेटला, तेव्हा त्याच्या विधवा राणीनं रघुजींना मदतीला बोलावलं. पुढे चांद सुलतानच्या अकबर शाह आणि बुरहान शाह या दोन मुलांत बिनसलं, पुन्हा बोलावणं गेलं. 1743पासून सत्ता रघुजींच्या हाती आली. पण बुरहान शाह राजा म्हणूनच राहिला. त्याचा मान राखला, तनखा बांधून दिला. फौज आणि कारभार मात्र भोसल्यांकडे. नागपूरच्या महाल भागातला गोंड राजाचा किल्ला याच व्यवस्थेची खूण आहे, हे तिथून रोज जाणाऱ्यांनाही कुणी सांगत नाही!

यामागे केवळ उदारपणा होता असं मला वाटत नाही. गोंड प्रजेच्या दृष्टीनं हक्काचा राजा बुरहान शाहच होता. त्याला उखडलं असतं तर बंडं निस्तरत बसावं लागलं असतं. मोठी राज्यं बहुधा अशीच चालली. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांनीही ख्रिस्ती आणि यहुदी प्रजेचे लग्न-वारशाचे प्रश्न त्यांच्याच धर्मगुरूंवर सोपवले होते.

गादीच खालसा करण्याचा प्रकार नागपुरात झाला तो 1854मध्ये, इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीच्या हातून. आणि ती गादी भोसल्यांची होती.