पार्श्वभूमी : योगवर्गातला ‘स्वाध्याय’ आला कुठून?

शवासन आटोपून मंडळी चटया गुंडाळू लागली की हल्ली काही योगवर्गांत एक झेरॉक्स कागद हातात पडतो. वर ठळक ‘स्वाध्याय’, खाली आठवड्याचा तक्ता : राग कधी आला, कशावरून आला, तेव्हा श्वास कसा चालला होता, उलट बोललो की थांबलो. शाळेत धड्याखाली ‘स्वाध्याय’ सोडवत वाढलेल्यांना यात काही वावगे वाटत नाही. घरी करायचे काम, दुसरे काय!

योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींच्या लेखी मात्र हे काम वेगळे होते. व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, स्वाध्याय म्हणजे ओंकारादी पवित्र मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्रांचे अध्ययन. त्याचे फळ योगसूत्र २.४४ सांगते : ‘स्वाध्यायादिष्टदेवतासंप्रयोगः’. भेट होते ती इष्टदेवतेची, स्वतःची नव्हे. त्याही आधी, तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन संपवलेल्या शिष्याला गुरू ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ असे बजावतात, तेव्हा पाठ केलेल्या वेदाची उजळणी चुकवू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. ‘स्व’ होता, पण तो आपल्या वाट्याच्या वेदशाखेचा.

त्यात ‘मी’ ठळकपणे शिरला तो विसाव्या शतकात. १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला संसारी माणसांना योग शिकवणारी संस्था निघाली आणि गुहेतली विद्या चाळीच्या, बंगल्याच्या दारात आली. १९२४ पासून लोणावळ्यात प्रयोगशाळा आणि एक्स-रे यांच्या मदतीने आसन-क्रियांची तपासणी सुरू झाली. या दोन्हींमुळे योगाला प्रतिष्ठा मिळाली. पण प्रयोगशाळेत मोजता आले ते शरीरच. मनाच्या बाजूला सोपा, निधर्मी वाटेल असा शब्द हवा होता. पुण्यात स्थायिक झालेल्या एका योगाचार्यांच्या १९६६ सालच्या गाजलेल्या इंग्रजी ग्रंथात ‘स्व’ म्हणजे स्वतः आणि ‘अध्याय’ म्हणजे अभ्यास अशी फोड आहे. जगभरच्या शिक्षकांनी तीच उचलली. तिथून ती इंग्रजीचा फेरा करून आपल्याकडेच परत आली, आणि जप वाटेत गळाला.

संस्कृतचे जाणकार या अर्थावर नाक मुरडतात. शिक्षक म्हणतात, व्युत्पत्तीत बसतो ना, मग झाले. माझ्या मते कागद चांगला आहे, फक्त मथळा चुकला. रागाचा हिशेब ठेवायची सोय योगसूत्रांच्या त्याच दुसऱ्या पादात (भागात), थोडी आधी आहे. सूत्र २.३३ सांगते की हिंसा-असत्याचे विचार त्रास देऊ लागले की प्रतिपक्षभावना करावी, म्हणजे मनात त्याच्या उलट विचार आणावा. पुढचे सूत्र तर चक्क तक्ताच आखते : स्वतः केले, दुसऱ्याकडून करवले की नुसती मान डोलावली, लोभाने, क्रोधाने की मोहाने, सौम्य, मध्यम की तीव्र. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस, असा गुणाकार भाष्यकारांनी करूनही ठेवला आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा पाणउतारा होताना आपण टाकलेला अंगठा यातल्या ‘अनुमोदित’मध्ये जमा होतो, झेरॉक्सवर त्याला रकानाच नाही.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवल्यापासून सरकारी उत्साह वाढला. पुढे कचेऱ्यांसाठी पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ (योगासाठीची सुट्टी) आला. त्यात खांदे फिरवणे आहे, भ्रामरी आहे, शेवटी थोडे ध्यानही आहे. स्वाध्याय नाही, तो अजून घरीच करायचा.