हिवाळी विराम (फ्रान्स)

थंडीच्या मोसमात बिल थकले तरी राहत्या घराची वीज, गॅस किंवा सामायिक उष्णतापुरवठा तोडण्यास मनाई करणारी फ्रान्समधील कायदेशीर तरतूद. मूळ फ्रेंच संज्ञा ‘त्रेव्ह इव्हेर्नाल’. ‘त्रेव्ह’ म्हणजे लढाईतील तहकुबी. कालावधी 1 नोव्हेंबर ते 31 मार्च. याच काळात भाडेकरूला घराबाहेर काढण्यासही मनाई असते. त्या मनाईलाही हेच नाव असून ती अधिक जुनी आहे.

घराबाहेर काढण्यावरील या मनाईचा उगम आबे पिएर या धर्मगुरूंच्या 1 फेब्रुवारी 1954 च्या आकाशवाणीवरील आवाहनात असल्याचे सहसा सांगितले जाते. पॅरिसच्या सेबास्तोपोल मार्गावर एक स्त्री थंडीने गोठून मेली आणि तिच्या हाती घराबाहेर काढल्याचा कागद होता, हे त्यांनी त्या आवाहनात सांगितले. मात्र घर रिकामे करण्यावरील मोसमी बंदीचा कायदा 3 डिसेंबर 1956 चा, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनंतरचा आहे. त्यामुळे आवाहनाने लोकमत तापले आणि कायदा त्या वातावरणात आकारला, असे म्हणणे अधिक सावध ठरेल. तेव्हा हा काळ 1 डिसेंबर ते 15 मार्च असा होता. पुढे तो दोन्ही बाजूंनी वाढला.

विजेचा समावेश केव्हा झाला, याची दोन उत्तरे मिळतात. 2006 च्या गृहनिर्माणविषयक कायद्याने संरक्षण दिले, पण ते घरखर्चासाठी सरकारी निधीतून मदत मिळालेल्या कुटुंबांपुरते. 15 एप्रिल 2013 च्या कायद्याने (खासदार फ्रांस्वा ब्रोत यांच्या नावाने ‘ब्रोत कायदा’) मदतीची ही अट काढून प्रत्येक मुख्य निवासाला ते लागू केले. खरा आरंभ 2013 मानावा, कारण मदतीचा अर्ज करण्याचा संकोच असलेली कुटुंबे त्याआधी बाहेरच राहत. दुय्यम घरांना संरक्षण नाही.

तोडणी थांबते, बिल थांबत नाही. थकबाकी साचत राहते आणि एप्रिलमध्ये पुरवठादाराचे हात मोकळे होतात. शिवाय विरामकाळातही वीजभार घटवता येतो. 27 फेब्रुवारी 2014 च्या आदेशानुसार 6 केव्हीएची (केव्हीए: एका वेळी किती वीज वापरता येईल, त्या क्षमतेचे एकक) जोडणी 2 केव्हीएपर्यंत, 9 व त्याहून मोठी 3 केव्हीएपर्यंत खाली आणता येते. 3 केव्हीएच्या जोडणीला हात लावता येत नाही. ऊर्जाखर्चासाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या लाभार्थींना या घटीतून वगळले आहे. 2 केव्हीएवर दिवे आणि फ्रिज चालतात, पण विजेवर तापणाऱ्या घरात एखादा हीटर वगळता ऊब उरत नाही. दूरनियंत्रित ‘लिंकी’ मीटरमुळे ही घट कर्मचारी न पाठवता करता येते. ईडीएफ या प्रमुख कंपनीने 1 एप्रिल 2022 पासून वर्षाच्या सर्व महिन्यांत तोडणीऐवजी 1 केव्हीएची मर्यादा स्वीकारली.

भारतात विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 56 नुसार तोडणीपूर्वी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. ऋतूचे बंधन त्या कलमात नाही.

कोविडकाळात विराम 2020 मध्ये 10 जुलैपर्यंत, 2021 मध्ये 31 मेपर्यंत वाढवला गेला. पाण्याच्या बाबतीत ब्रोत कायदा पुढे गेला: मुख्य निवासाचे पाणी थकबाकीपायी वर्षभरात केव्हाही तोडता येत नाही, आणि 29 मे 2015 रोजी घटनात्मक परिषदेने ही बंदी वैध ठरवली.