निमित्तातून जन्मलेले संगीत: कॉन्सर्ट बँडच्या रचनांमागील कथा

28 जुलै 1840 रोजी पॅरिसच्या रस्त्यांवरून एक मोठी मिरवणूक निघाली. दहा वर्षांपूर्वीच्या जुलै क्रांतीत प्राण गमावलेल्या नागरिकांचे अवशेष बास्तीय चौकात नव्याने उभारलेल्या स्तंभाखाली ठेवायचे होते, आणि या प्रसंगासाठी फ्रेंच सरकारने एक्तोर बर्लिओझ या संगीतकाराकडून खास रचना करून घेतली होती. सुमारे 200 वादक ती वाजवत चालत होते आणि नॅशनल गार्डचा गणवेश घातलेला बर्लिओझ अधूनमधून त्यांच्याकडे तोंड करून, उलट पावलांनी चालत संचालन करत होता. त्या गर्दीत आणि गोंगाटात संगीताचा बराचसा भाग कोणाच्या कानी पडलाच नाही. असे होणार याची त्याला कल्पना होती, म्हणून दोनच दिवस आधी त्याने निमंत्रितांसमोर बंदिस्त सभागृहात संपूर्ण रचना वाजवून घेतली होती. या सिंफनीच्या मधल्या भागात एकटा ट्रॉम्बोन दीर्घ काळ बोलत राहतो. त्या भागाला बर्लिओझने ‘अंत्यभाषण’ असे नाव दिले. समाधीपाशी एखादा वक्ता जे बोलला असता, ते त्याने एका पितळी वाद्याकडून वदवून घेतले.

फुंकून वाजवायची वाद्ये आणि तालवाद्ये यांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या कॉन्सर्ट बँडच्या संगीताकडे पाहताना हा प्रसंग नेहमी लक्षात ठेवावा, असे मला वाटते. व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांच्याभोवती रचलेला सिंफनी वाद्यवृंद प्रामुख्याने दरबार, नाट्यगृह आणि सभागृह यांच्या आश्रयाने वाढला. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे मोठे वृंद मात्र उघड्या आकाशाखाली, पलटणींबरोबर आणि सार्वजनिक समारंभांत घडत गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीस, 1789 मध्ये, बेर्नार सारेत याने नॅशनल गार्डसाठी 45 वादकांचा ताफा जमवला, आणि याच धडपडीची पुढची पायरी म्हणून 1795 मध्ये पॅरिसचे संगीत विद्यालय स्थापन झाले. पुढील अर्धशतकात पितळी वाद्यांना झडपा मिळाल्या, 1846 मध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले गेले, आणि पूर्वी मोजकेच स्वर काढू शकणारी वाद्ये सर्व स्वरांत गाऊ लागली.

वाद्ये सिद्ध झाली, परंतु त्यांच्यासाठी लिहिलेले गंभीर संगीत फार थोडे होते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक बँड संचलनगीते, नृत्यसंगीत आणि ऑपेरा किंवा सिंफनीतील भागांची रूपांतरे वाजवत. नव्या रचना बहुतांशी कोणीतरी मागितल्यावरच लिहिल्या जात, आणि मागणीमागे बहुधा एखादा प्रसंग असे. म्हणूनच बँडसाठीच्या संगीताचा इतिहास हा मुख्यतः निमित्तांचा इतिहास आहे.

निमित्त नेहमी सार्वजनिकच असते असे नाही. अमेरिकी बँडमास्तर जॉन फिलिप सूझा 1896 च्या अखेरीस युरोपात असताना त्याच्या बँडचे व्यवस्थापक डेव्हिड ब्लेकली यांच्या निधनाची बातमी त्याला समजली. परतीच्या जहाजावर येरझाऱ्या घालताना एक चाल त्याच्या मनात वाजू लागली आणि किनाऱ्याला लागेपर्यंत थांबली नाही, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ हे ते संचलनगीत. 1987 मध्ये कायद्याने त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय संचलनगीताचा दर्जा मिळाला. इतक्या उत्साही चालीच्या मुळाशी मृत्यूची बातमी होती, हे ती ऐकताना मनातही येत नाही.

रूपांतरांच्या या जगात केवळ बँडसाठी आणि मैफलीत बसून ऐकण्यासाठी केलेली रचना म्हणून गुस्टाव्ह होल्स्टच्या 1909 मधील पहिल्या ‘स्वीट’चे, म्हणजे अनेक छोट्या भागांच्या मिळून झालेल्या रचनेचे, महत्त्व फार मोठे आहे. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवून पोट भरत असे, त्यामुळे बँडच्या आतून आवाज कसा ऐकू येतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. तिन्ही भाग त्याने एकाच छोट्या स्वरवाक्यातून विणले. 1911 मधील दुसऱ्या स्वीटमध्ये त्याने इंग्लंडमधील लोकगीते घेतली, आणि 1923 मध्ये राल्फ व्हॉन विल्यम्सनेही आपली लोकगीतांवरील स्वीट लष्करी बँडसाठीच लिहिली. खेड्यापाड्यांतील वृद्ध गायकांच्या तोंडून गाणी उतरवून घेण्याची चळवळ तेव्हा इंग्लंडमध्ये जोरात होती, आणि बँडच्या संगीताला तिने मोठी शिदोरी दिली.

या चळवळीत सर्वांत बारीक कान होता तो मेलबर्नमध्ये जन्मलेल्या पर्सी ग्रेंजरचा. 1905 मध्ये लिंकनशायरमधील ब्रिग या गावी भरलेल्या गायनस्पर्धेत त्याने जोसेफ टेलर या वयस्कर गायकाला ऐकले आणि तो थक्क झाला. पुढच्या वर्षी तो मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे फोनोग्राफ यंत्र घेऊन परत आला. इतर संग्राहक कानाने ऐकून कागदावर चाल उतरवत आणि उतरवताना नकळत ती नीटनेटकी करत. एकाच कडव्यात गायक लय कशी ओढतो, कोणत्या स्वरावर रेंगाळतो, दुसऱ्या कडव्यात तीच ओळ कशी बदलतो, हे सारे यंत्रामुळे पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागले. हा बदल हीच गायकाची कला आहे, असे ग्रेंजरचे ठाम मत होते.

डीन नावाच्या एका वृद्धाची हकीकत ग्रेंजरने लिहून ठेवली आहे. 1905 मध्ये त्याने ‘लिस्बन’ हे गीत गायला घेतले, परंतु जुन्या आठवणींनी त्याला भरून आले, आणि त्याचे हृदय दुबळे असल्याने गाणे अर्ध्यावर सोडून द्यावे लागले. ग्रेंजर पुढच्या वर्षी यंत्रासह पुन्हा त्याच्याकडे गेला आणि ते गीत मिळवून आला. ‘हॉर्कस्टो ग्रेंज’ हे गीत ज्याच्याकडून मिळाले, त्या जॉर्ज गोल्डथॉर्पचे म्हातारपण गरिबांसाठीच्या आश्रमगृहात गेले होते.

तब्बल तीन दशकांनी, 1937 मध्ये, अमेरिकेतील बँडमास्तरांच्या संघटनेच्या अधिवेशनासाठी ग्रेंजरने या गीतांमधून ‘लिंकनशायर पोझी’ ही सहा भागांची रचना सिद्ध केली. प्रत्येक भाग हे त्या गीताच्या गायकाचे व्यक्तिचित्र आहे, असे त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केले आणि ज्यांनी आपल्यासाठी इतके गोड गायिले त्या जुन्या गायकांना रचना अर्पण केली. ‘लॉर्ड मेलबर्न’ या भागात काही ठिकाणी ठरावीक मात्रागणनाच नाही. संचालकाने ठोक्यांची लांबी आपल्या मनाने ठरवायची असते, कारण मूळ गायक जॉर्ज रे तसाच गात असे. ‘रफर्ड पार्क पोचर्स’मध्ये मात्रा सतत बदलतात आणि वाद्ये एकमेकांच्या मागोमाग, किंचित अंतराने तीच चाल म्हणत जातात. मिलवॉकी येथे पहिल्या प्रयोगाच्या वेळी हे इतके कठीण ठरले की सगळे भाग वाजवता आले नाहीत. ही अवघड लय सिद्धांतातून आलेली नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा श्वास जिथे संपे तिथे ओळ संपे, आणि फुंकून वाजवणाऱ्या वादकाचा श्वासही तसाच मर्यादित असतो. माझ्या मते बँडसाठी लिहिलेल्या सगळ्या संगीतात इतकी माणुसकी दुसरीकडे क्वचितच सापडते.

असाच एक धागा पूर्वेकडेही जातो. कोमितास या आर्मेनियन धर्मगुरूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगाव हिंडून आपल्या लोकांची गाणी टिपली. एप्रिल 1915 मध्ये ऑटोमन सरकारने त्याला इतर आर्मेनियन बुद्धिवंतांबरोबर अटक करून हद्दपार केले. तो जिवंत सुटला, परंतु त्याचे मन कायमचे मोडले. त्याने जपलेल्या चालींवर आल्फ्रेड रीडने 1972 मध्ये ‘आर्मेनियन डान्सेस’चा पहिला भाग रचला आणि तो इलिनॉय विद्यापीठातील आर्मेनियन वंशाचे बँडसंचालक हॅरी बेगियन यांना अर्पण केला. ती गाणी गाणारी कितीतरी गावे तोवर उजाड झाली होती, हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला यातील आनंदी नृत्येसुद्धा वेगळी ऐकू येतात.

दुसऱ्या महायुद्धाने निमित्तांचे स्वरूप बदलले. नाझी आक्रमणानंतर कॅलिफोर्नियात आश्रय घेतलेला फ्रेंच संगीतकार दारियुस मियो याला शाळांतील बँडना वाजवता येईल अशी रचना करण्याची विनंती झाली, आणि 1945 मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डमन बँडने त्याची ‘स्वीत फ्रांसेझ’ प्रथम सादर केली. नॉर्मंडी, ब्रिटनी, इल-द-फ्रान्स, अल्सास-लोरेन आणि प्रोव्हान्स या पाच प्रांतांच्या नावांचे पाच भाग तीत आहेत. फ्रान्सच्या मुक्ततेसाठी जिथे अमेरिकी सैनिक लढले, त्या प्रदेशांची लोकगीते त्या सैनिकांच्या मुलांनी आणि धाकट्या भावंडांनी ऐकावीत, अशी त्याची इच्छा होती. आर्नोल्ड शोनबर्गनेही 1943 मध्ये अशाच विनंतीवरून एक रचना केली, पण ती शालेय वादकांच्या आवाक्याबाहेरची ठरली. फ्रान्समध्ये दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या स्मरणार्थ सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी ऑलिव्हिए मेसियां याला निमंत्रण दिले, आणि लाकडी सुषिर वाद्ये, पितळी वाद्ये व धातूची तालवाद्ये एवढ्यांसाठीच लिहिलेली त्याची पाच भागांची रचना 1965 मध्ये पॅरिसच्या सेंत-शापेल या प्राचीन प्रार्थनागृहात प्रथम वाजली.

अमेरिकेत या काळापासून बँडच्या नव्या रचनांचा भार हळूहळू महाविद्यालये आणि विद्यापीठे यांनी उचलला. 1952 मध्ये फ्रेडरिक फेनेल याने ईस्टमन संगीत विद्यालयात मोजक्या वादकांचा विंड एन्सेम्बल उभारला आणि अनेक संगीतकारांना पत्रे पाठवून अशा वृंदासाठी लिहिण्याची विनंती केली. मागणी करणारे आणि वाजवणारे आता विद्यार्थी व त्यांचे शिक्षक होते, आणि त्यामुळे त्यांची स्वतःची दुःखेही संगीतात उतरू लागली. एप्रिल 1999 मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये झालेल्या गोळीबारात 12 विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ फ्रँक टिकेलीने लिहिलेली ‘ॲन अमेरिकन एलेजी’ वर्षभराच्या आतबाहेर त्याच शाळेच्या बँडने प्रथम वाजवली. तिच्यात शाळेचे स्वतःचे गीत येते, आणि एका टप्प्यावर रंगमंचाच्या मागून एकटा ट्रम्पेट ऐकू येतो. जून 2015 मध्ये चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय उपासकांची वर्णद्वेषातून हत्या झाली. ओमार थॉमसची ‘ऑफ अवर न्यू डे बिगन’ ही रचना फेब्रुवारी 2016 मध्ये त्याच शहरात सादर झाली. तिचे शीर्षक आफ्रिकी-अमेरिकी समाजाच्या एका प्राणप्रिय गीताच्या ओळीतून घेतलेले आहे, आणि चर्चमधील सामूहिक प्रार्थनेप्रमाणे वादक तीत स्वतः गातात, टाळ्या वाजवतात, पावले आपटतात.

ज्यांचे दुःख, त्यांच्यापर्यंत संगीत इतक्या लवकर पोहोचावे हे भाग्य सर्वच रचनांना लाभत नाही. 1921 मध्ये प्रागमध्ये जन्मलेला कारेल हुसा महायुद्धानंतर शिक्षणासाठी पॅरिसला गेला. मायदेशात कम्युनिस्ट राजवट आल्यावर तो परतला नाही आणि 1954 पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागला. शेजारच्या इथाका कॉलेजच्या बँडने त्याच्याकडे नवी रचना मागितली होती. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्याच्या बातम्या त्याने कायूगा सरोवराकाठच्या आपल्या घरी बीबीसीवर ऐकल्या, आणि काय लिहायचे हा प्रश्न उरला नाही.

‘म्युझिक फॉर प्राग 1968’ या रचनेचा पाया म्हणजे पंधराव्या शतकातील हुसाइट योद्ध्यांचे, म्हणजे यान हुस या चेक धर्मसुधारकाच्या अनुयायांचे, रणगीत. चेक लोकांसाठी ते शतकानुशतके प्रतिकाराचे चिन्ह राहिले आहे. सुरुवातीला टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांवर ते इतके हळू ऐकू येते की ओळखही पटू नये. अखेरीस साऱ्या वृंदाच्या एकसुरात ते उभे राहते, परंतु संपूर्ण गीत एकदाही वाजत नाही. आरंभी पिकोलो ही छोटी बासरी पक्ष्याच्या शिळेसारखे गाते. प्रागच्या वाट्याला जे स्वातंत्र्य तिच्या हजार वर्षांच्या इतिहासात क्षणकालच आले, त्याचे ते प्रतीक असल्याचे हुसाने लिहिले आहे. शेकडो मनोऱ्यांच्या या नगरीत संकट आणि विजय दोन्ही घंटांनी कळवले जात, म्हणून रचनेत घंटांचे नाद येतात, आणि तिसरा भाग तर केवळ तालवाद्यांचाच आहे. आपली प्रस्तावना प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत पूर्ण छापावी किंवा वादनापूर्वी श्रोत्यांना वाचून दाखवावी, अशी अपेक्षा त्याने नोंदवून ठेवली. बँडच्या संगीतात प्रसंग आणि स्वर किती अभिन्न असू शकतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

जानेवारी 1969 मध्ये इथाका कॉलेजच्या बँडने वॉशिंग्टनमध्ये ही रचना प्रथम वाजवली. त्यानंतर ती जगभर हजारो वेळा वाजली, फक्त ज्या नगरीचे नाव तिने धारण केले होते तिथेच ती सादर होऊ शकत नव्हती. नोव्हेंबर 1989 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील राजवट कोसळली. फेब्रुवारी 1990 मध्ये हुसा प्रागला आला, व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या शहरातील श्रोत्यांसमोर त्याने ती स्वतः संचालित केली.